छायाचित्रांची दुरुस्ती : सरसकट की निवडक?



पूर्वी लग्नकार्य आटोपले म्हणजे महिना-पंधरा दिवसांनी छायाचित्रकाराकडून वीसपंचवीस छायाचित्रांचे एक पुडके घरी येत असे. आता त्याच कार्याची चारपाचशे छायाचित्रे येतात, आणि तीही बहुधा कागदावर नव्हेत, संगणकावर. त्यांतील काही काळोखी असतात, काही पिवळट, काही निळसर. प्रत्येक चित्र हाती घेऊन त्याचा उजेड, त्याचा रंग आणि त्याच्या कडा नीट करीत बसावे, तर दुसऱ्या लग्नाची तिथी येईपर्यंत हे काम संपावयाचे नाही. म्हणून छायाचित्रे सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मोठी सोय केलेली असते. एका चित्रावर केलेली दुरुस्ती उचलावयाची आणि ती शेकडो चित्रांवर एकदम चिकटवावयाची. या सोयीच्या पोटात आणखी एक सोय आहे. एका चित्रावर दहा दुरुस्त्या केल्या असल्या, तरी त्यांतील दोन किंवा तीनच निवडून पुढच्या चित्रांस द्यावयाच्या व बाकीच्या मागे ठेवावयाच्या. आजच्या भाषणाचा विषय हीच निवडक नक्कल. विषय वरकरणी यंत्राचा दिसतो. परंतु कोणती दुरुस्ती सर्वांस लागू आणि कोणती एकट्याचीच, हा विवेक यंत्राजवळ नसतो. तो आपणांस करावा लागतो, आणि तो न केल्यास एखाद्या कुटुंबाचे केवढे नुकसान होऊ शकते, हे मला मुख्यतः सांगावयाचे आहे.

प्रथम छायाचित्राची दुरुस्ती म्हणजे काय, ते पाहू. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षे दुरुस्ती हे हाताचे काम होते. काचेची निगेटिव्ह उतरत्या मेजावर ठेवावयाची, तिच्यामागून उजेड येऊ द्यावयाचा आणि अणकुचीदार पेन्सिलीने किंवा बारीक कुंचल्याने चेहऱ्यावरची एखादी सुरकुती, एखादा डाग बुजवावयाचा. काचा दोनशे असल्या, तर हे काम दोनशे वेळा करावे लागे. एका काचेवरची पेन्सिलीची रेघ उचलून दुसऱ्या काचेवर ठेवणे शक्यच नव्हते. त्या कामात वेळ फार जाई. पण त्यामुळे एक गोष्ट आपोआप घडे. प्रत्येक चित्राकडे कोणीतरी माणूस डोळे भरून पाहत असे.

निवडक दुरुस्तीची कल्पनाही नवी नाही. आमच्या मोखाडे तालुक्याच्या शेजारी त्र्यंबकेश्वर आहे. तेथे १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांस आपण चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. परंतु १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्याच्या आधी ते छायाचित्रकार व ठसे करणारे कारागीर होते, आणि त्रिरंगी छपाईची विद्या शिकण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले होते. त्रिरंगी छपाईत एकाच चित्राचे पिवळा, तांबडा व निळा असे तीन ठसे करतात. छापलेल्या चित्रात निळा रंग अधिक उतरला, तर कारागीर निळ्याच ठशास हात लावी; पिवळा आणि तांबडा जसेच्या तसे ठेवी. दोष ज्या ठशाचा, दुरुस्तीही त्याच ठशाची, हा त्या धंद्याचा साधा नियम होता. आपणांस आज तोच नियम निराळ्या ठिकाणी लावावयाचा आहे.

संगणकाच्या काळात काय पालटले? अडोब कंपनीचे फोटोशॉप १९९० साली आले आणि त्याच कंपनीचे लाइटरूम २००७ साली. त्यांच्या जोडीला डार्कटेबल आणि रॉथेरपी यांसारखी विनामूल्य मिळणारी सॉफ्टवेअरही आहेत. लाइटरूमच्या किंवा डार्कटेबलच्या पद्धतीत मूळ छायाचित्रास धक्का लागत नाही. उजेड इतका वाढवा, पिवळेपणा इतका कमी करा, उजवी कड इतकी कापा, अशा सूचनांची एक यादी तेवढी बाजूस ठेवली जाते, आणि आपण चित्र पाहावयास उघडले म्हणजे संगणक ती यादी वाचून मूळ चित्रावर त्या सूचना बजावतो. मूळ छायाचित्र कितीही मोठे असो, ही यादी अगदी लहान असते. गृहिणींच्या भाषेत सांगावयाचे तर आपण भाजीची वाटी शेजारी देत नाही, भाजीची कृती लिहून देतो. कृती देणे सोपे आणि फुकट असते. पण चार माणसांच्या भाजीचे मीठ चाळीस माणसांच्या भाजीस पुरत नाही, आणि आळणी भाजीची कृती लोणच्यास लागू पडत नाही.

लाइटरूममध्ये दुरुस्तीची नक्कल करण्याची आज्ञा दिली, की पडद्यावर एक पेटी उघडते. तीत सर्व कलमांची यादी असते: उजेड, रंगाचा समतोल, गडद-फिक्यातील अंतर, कडांची कापणी, डाग काढणे, भिंगाची वक्रता, चित्राच्या विशिष्ट भागापुरती केलेली दुरुस्ती, इत्यादी. प्रत्येक कलमासमोर एक चौकोन असतो. त्यात खूण असेल ते कलम पुढे जाते, खूण नसेल ते मागे राहते. डार्कटेबल आणि रॉथेरपी यांतही याच कामाची सोय आहे. नावे थोडी निराळी आहेत, इतकेच. सारा विवेक त्या चौकोनांत आहे. घाईचा मनुष्य ‘सर्व’ या शब्दावर बोट ठेवतो आणि मोकळा होतो.

कोणत्या चौकोनात खूण करावी, हे ठरविण्यास मला माझ्या धंद्यातला एक दाखला उपयोगी वाटतो. वर्गात शुद्धलेखन घातले आणि चाळीसपैकी पस्तीस मुलांनी एकच शब्द सारखाच चुकविला, तर शहाणा शिक्षक पस्तीस वह्यांत तांबडी रेघ ओढीत बसत नाही. तो समजतो की, शब्द सांगतानाच काही घोटाळा झाला असावा. तो फळ्याकडे वळतो आणि तो शब्द एकदाच सर्वांसाठी लिहितो. याच्या उलट, एखाद्याच मुलाने ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा लिहिला असेल, तर ती दुरुस्ती त्याच्याच वहीत व्हावयास हवी. तीच दुरुस्ती सर्व वह्यांत करावयाची म्हणून शिक्षक ‘न’ दिसेल तेथे ‘ण’ करीत सुटला, तर ‘नदी’चे काय होईल, याची आपण कल्पना करावी. फळ्यावरची दुरुस्ती आणि वहीतली दुरुस्ती यांतला हा भेद मनात ठेवला, म्हणजे चौकोनांची यादी भीतीदायक वाटत नाही.

छायाचित्रातील वैगुण्यांचेही तीन वर्ग पडतात. काही कॅमेऱ्याची असतात, काही उजेडाची असतात, आणि काही, ज्या वस्तूचे चित्र घेतले तिची स्वतःची असतात.

कॅमेऱ्याची वैगुण्ये फळ्यावरची. कॅमेऱ्याचे भिंग बदलताना आतल्या संवेदकावर धुळीचा एखादा कण बसतो. मग त्या दिवशीच्या प्रत्येक चित्रात, विशेषतः मोकळ्या आकाशावर, एकाच जागी एक अंधूक ठिपका दिसू लागतो. चित्र नवरीचे असो, देवळाचे असो, की डोंगराचे असो, ठिपका आपली जागा सोडीत नाही. जो दोष सर्वत्र एकाच जागी असतो, तो काढण्याची सूचना सर्वत्र पाठविणे रास्त आहे. भिंगाच्या वक्रतेमुळे सरळ भिंत काठाशी वाकलेली दिसते, तेथेही तेच. त्या भिंगाने घेतलेल्या सर्व चित्रांस ती दुरुस्ती खुशाल द्यावी. दुसऱ्या भिंगाच्या चित्रांस मात्र देऊ नये.

उजेडाची वैगुण्ये एका वर्गापुरती, साऱ्या शाळेपुरती नव्हेत. प्रत्येक उजेडास स्वतःचा रंग असतो. शास्त्रज्ञ तो केल्व्हिन या परिमाणात मोजतात. तापणाऱ्या तारेचा जुना विजेचा दिवा सुमारे २७०० केल्व्हिनचा, म्हणजे पिवळा. दुपारचे ऊन सुमारे ५५०० केल्व्हिनचे. आणि मोकळ्या आकाशाखालील सावली ७००० च्या वर, म्हणजे निळसर. आपला डोळा हा भेद सांभाळून घेतो, कॅमेरा तो जसाच्या तसा टिपतो किंवा अंदाजाने दुरुस्त करतो.

या अंदाजाची गंमत आमच्याकडे फार चांगली दिसते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून निराळा झाला. त्यातील मोखाडे तालुक्यात पोशेरा हे गाव आहे. या साऱ्या भागात वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा जमातींची वस्ती आहे. वारली कुटुंबात लग्न निघाले म्हणजे कुडाच्या शेणामातीने सारविलेल्या भिंतीवर गेरूचा हात फिरवितात आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या काडीने सुवासिनी चौक लिहितात. त्या चौकात पालघाट देवता असते. १९७० नंतर गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातून हीच कला कागदावर व कापडावर आली आणि जगभर गेली. त्यांस २०११ साली पद्मश्री मिळाली व २०१८ साली ते निवर्तले. आता अशा भिंतीसमोर कॅमेरा धरा. त्यास चोहीकडे तांबूस रंग दिसतो. तो समजतो, उजेडच तांबडा आहे. म्हणून तो आपल्या अकलेने तांबडेपणा कमी करतो, गेरू मळकट तपकिरी होतो आणि पिठाचा पांढरा रंग निळसर पडतो. भिंत तीच, पण तिचा जीव गेला.

यावर उपाय सोपा आहे. पहिले चित्र घेताना भिंतीशेजारी एक करड्या रंगाचे पत्र, आणि ते नसल्यास निदान एक साधा कोरा पांढरा कागद, धरून ठेवावा. संगणकावर त्या कागदास प्रमाण मानून रंगाचा समतोल ठरवावा, आणि नुसते तेवढे एकच कलम निवडून त्याच पडवीत, त्याच वेळी घेतलेल्या पुढच्या चित्रांस द्यावे. कागद फक्त एका चित्रात दिसेल, पण त्याची साक्ष सर्वांस उपयोगी पडेल. निवडक नकलेचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही. मात्र आतल्या काळोख्या खोलीत दिवा लावून घेतलेली चित्रे त्यात मिसळू नयेत. त्यांचा कागद निराळा, त्यांची नक्कल निराळी. तुमच्या घरच्या लग्नातही दुपारचे अंगण, संध्याकाळचा मंडप आणि रात्रीचे दिवे असे तीन गट पाडले, तर चारशे चित्रांचे काम तीन चित्रांवर येते.

येथे दोन तांत्रिक खाचखळगे सांगून ठेवतो. पहिला असा की, लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नक्कल केलेला आकडा आधीच्या आकड्यात मिळविला जात नाही, तो त्याच्या जागी बसतो. एका काळोख्या चित्राचा उजेड तुम्ही हाताने दोन पायऱ्या वाढविला असेल आणि मग त्यावर एक पायरीची नक्कल चिकटविली, तर तो तीन पायऱ्या होत नाही, एकच राहतो. तुमचे आधीचे काम पुसले जाते. दुसरा खळगा असा की, रंगाचा समतोल तुम्ही बदललाच नसेल आणि तेथे ‘कॅमेऱ्याने टिपल्याप्रमाणे’ एवढेच लिहिलेले असेल, तर नक्कल होते ती त्या शब्दांची, आकड्याची नव्हे. मग प्रत्येक चित्र आपापल्या कॅमेऱ्याचा अंदाज पुन्हा पुढे करते, आणि सर्व चित्रे सारखी का दिसत नाहीत, याचे कोडे पडते. पावसाळ्यात ढग घडीघडीस पुढेमागे होतात. त्या दिवसांत उजेडाचे कलम सरसकट न पाठविणेच बरे. रंगाचे कलम पाठवावे आणि उजेड चित्रागणिक पाहावा.

आता तिसऱ्या वर्गाकडे येतो, कारण खरे संकट तेथे आहे. वस्तूची स्वतःची जी वैगुण्ये, ती वहीतली. किंबहुना त्यांस वैगुण्य म्हणावे की नाही, हाच पुष्कळदा प्रश्न असतो.

आमच्या भागातील घरांत एका कागदास फार मोठे मोल आहे. तो म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावाची शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंद. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाला. त्यापूर्वीच्या शाळेच्या नोंदीत जात काय लिहिली आहे, यास पुराव्यात विशेष वजन असते. जातीच्या दाखल्यांची पडताळणी करण्यासाठी महाराष्ट्रात २००१ सालचा २३ वा अधिनियम आहे, आणि त्यात आपला दावा खरा आहे हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर ठेवलेला आहे. मुलास वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळावयाची असो की सरकारी नोकरी टिकवावयाची असो, ती एक ओळ सापडली पाहिजे.

ती ओळ किती नाजूक असते, पाहा. अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकूर या नावाजवळच म ठाकूर व क ठाकूर ही नावे आहेत. नुसते ठाकूर हे आडनाव आणि अभिधान इतर समाजांतही आढळते. म्हणून वाद पडतो, तेव्हा त्यामागचे एक अक्षर मोठे साह्य करते. महादेव कोळी ही अनुसूचित जमात आहे; नुसते कोळी लिहिले असेल, तर अर्थ निराळा होतो. जुन्या गुरुजींनी घाईत ‘म. कोळी’ असे लिहिले असेल, तर साऱ्या घराण्याचा पुरावा एका अक्षरावर आणि एका टिंबावर उभा असतो.

आता समजा, अशा एका रजिस्टराच्या दोनशे पानांची छायाचित्रे कोणी सद्हेतूने घेतली. कागद पिवळा पडलेला, म्हणून त्याने बाराव्या पानाचा रंग नीट केला, उजेड वाढविला, कडा कापल्या, आणि जातीच्या रकान्याजवळ शाईचा एक शिंतोडा उडालेला होता, तो डाग काढण्याच्या हत्याराने पुसून टाकला. मग ‘सर्व’ असे म्हणून ती दुरुस्ती उरलेल्या पानांवर चिकटविली. डाग काढण्याच्या सूचनेत डागाचे स्वरूप नसते, डागाची जागा असते. संगणक प्रत्येक पानावर त्याच जागी जातो आणि तेथे जे काही असेल ते शेजारच्या कोऱ्या कागदाने झाकतो. सत्तेचाळिसाव्या पानावर त्या जागी शिंतोडा नव्हता, ‘म ठाकूर’ मधला ‘म’ होता. आता तेथे नुसते ‘ठाकूर’ उरले. आणि ही खोडाखोड इतकी सफाईदार असते की, कागदावर ओरखडा नाही, शाईचा अंश नाही, शंका घेण्यास जागाच नाही. शाळेतल्या खोडरबराने पुसले, तर निदान कागद झिजलेला तरी दिसतो.

मूळ रजिस्टर शाळेत सुरक्षित आहे, मग बिघडले कोठे, असे कोणी विचारील. पडताळणीत दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ नोंद पाहू शकते, हे खरे आहे. परंतु नातवाच्या हाती प्रथम येते ते छायाचित्र. त्यात हवे ते अक्षर नाही, असे पाहून तो पुढचा शोधच सोडून देईल. किंवा छायाचित्र आणि मूळ नोंद यांत फरक आढळला, तर ज्याने काहीच केले नाही, त्याच्यावर बनावटपणाचा संशय येईल. शिवाय आमच्याकडचा पाऊस आणि वाळवी यांनी मूळ पान एकदा गिळले, म्हणजे ते छायाचित्र हीच काय ती आठवण उरते. मग चूक दुरुस्त करावयास आधारच नाही.

डाग काढण्याचीच ही गोष्ट नाही. गडद शाईच्या पानास शोभेल इतका कागद पांढरा व अक्षर काळे केले आणि तीच मात्रा फिकट शाईच्या पानास दिली, तर त्या पानावरची अर्धी अक्षरे पांढऱ्यात विरून जातात. समासात पेन्सिलीने लिहिलेला शेरा तर प्रथम जातो. कडा कापण्याचेही तसेच. कॅमेरा घोडीवर पक्का बसवून, रजिस्टर एकाच जागी ठेवून चित्रे घेतली असतील, तर कापणीची नक्कल चालते. परंतु तीही डाव्या पानांची डाव्या पानांस आणि उजव्यांची उजव्यांस. हातात कॅमेरा धरून घेतलेल्या चित्रांत एका पानास योग्य झालेली कापणी दुसऱ्या पानाचा अनुक्रमांकाचा रकाना उडवून देते. म्हणून कागदपत्रांच्या बाबतीत माझा नियम कडक आहे. उजेड व रंग यांची नक्कल गटागटाने करावी; कापणी पाहून करावी; डाग काढण्याच्या चौकोनात खूण कधीही करू नये. किंबहुना दस्तऐवजावरचा डाग काढूच नये. तो त्या पानाच्या इतिहासाचा भाग आहे.

कागदाचे जे, तेच चेहऱ्याचे. छायाचित्रणाच्या इतिहासात याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. कोडॅक कंपनीने रंगीत चित्रे छापणाऱ्या कारखान्यांस रंग तपासण्यासाठी एक नमुनापत्र दिले होते. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचे चित्र असे, आणि शर्ली या नावाने ते पत्र ओळखले जाई. १९५० नंतर कित्येक वर्षे, शर्लीचा चेहरा बरोबर दिसला म्हणजे यंत्र बरोबर चालले, असे धरीत. परिणाम असा झाला की, काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे त्याच यंत्रातून निस्तेज, अंधुक निघत. पुढे निरनिराळ्या वर्णांच्या चेहऱ्यांची नमुनापत्रे निघाली. एका चेहऱ्यासाठी ठरविलेली दुरुस्ती साऱ्या जगाच्या चेहऱ्यांवर चिकटविल्याचा हा परिणाम होता.

आपल्या घरांत याहून निराळे काय होते? नवरीची कांती उजळ दिसावी म्हणून एका चित्रावर मात्रा ठरते आणि ती सर्व चित्रांस जाते. मग सावळी मावशी राखेसारखी दिसते, आणि उन्हात आयुष्य घालविलेल्या आजोबांच्या चेहऱ्यावरच्या रेषा गायब होतात. शाळेच्या समूहचित्रात वारल्यांची, कातकऱ्यांची पोरे उगीच पांढुरकी झालेली मी पाहिली आहेत. ती पोरे ते चित्र पाहून एकमेकांस विचारतात, हा कोण? ज्या चित्रात मुलास स्वतःची ओळख पटत नाही, ते चित्र कितीही उजळ असले तरी बिघडलेलेच म्हटले पाहिजे. उजेड कमी होता, तर उजेड वाढवा. तो सर्वांसाठी सारखाच कमी होता. पण वर्ण हा उजेडाचा दोष नव्हे, आणि सुरकुती ही कॅमेऱ्यावरची धूळ नव्हे.

अलीकडे काही सॉफ्टवेअर चेहरा कोठे आहे, आकाश कोठे आहे, हे स्वतः शोधतात आणि नक्कल चिकटविताना प्रत्येक चित्रात त्याची जागा नव्याने ठरवितात. डागाच्या जागेचा जो घोटाळा मी सांगितला, तो यामुळे काही अंशी टळेल. परंतु यंत्रास चेहरा सापडला, म्हणून त्या चेहऱ्यास काय हवे, हे त्यास कळले, असे नाही. जागा शोधणे हे नजरेचे काम झाले. काय बदलावे आणि काय ठेवावे, हे जबाबदारीचे काम आहे.

येणेप्रमाणे सर्व विवेचनाचे चार नियम सांगतो. ते पाठ करण्याइतके सोपे आहेत. पहिला, दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी विचारावे, हे वैगुण्य कोणाचे? कॅमेऱ्याचे असेल तर सर्वांस, उजेडाचे असेल तर त्या उजेडातल्यांस, वस्तूचे स्वतःचे असेल तर कोणासही नाही. दुसरा, पेटी उघडली म्हणजे प्रथम सर्व चौकोन रिकामे करावे आणि हवी तेवढीच खूण करावी. भरलेल्या पेटीतून नको ते वगळताना एखादे राहून जाते. रिकाम्या पेटीत ते आपोआप शिरत नाही. तिसरा, नक्कल चिकटविल्यावर गटातील पहिले, शेवटचे आणि सर्वांत निराळे दिसणारे चित्र मोठे करून पाहावे. आणि कागदपत्र असेल, तर एकही पान न पाहता सोडू नये. चौथा, मूळ चित्रांची एक प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी आणि काय काय दुरुस्ती केली, ते दोन ओळींत लिहून ठेवावे. मागून येणाऱ्यास आपण काय पाहत आहोत, हे कळावयास हवे.

आपणांपैकी पुष्कळांच्या घरी ट्रंकेत वडिलांची शाळेची प्रमाणपत्रे, आजीची पत्रे, जुनी सातबाऱ्याची पाने आणि कोपरे दुमडलेली समूहचित्रे असतील. ती संगणकावर उतरविण्याचे काम घरातील मुलेमुली मोठ्या हौसेने करतील, आणि त्यांनी ते अवश्य करावे. फक्त त्यांच्या शेजारी वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी बसावे. पत्रावर पडलेला कोणता ठिपका शाईचा आहे आणि कोणता आजीच्या अक्षरातला अनुस्वार आहे, हे त्या मुलांस सांगणारे माणूस अजून घरात आहे, तोवर हे काम उरकून घ्यावे.